भूलतज्ज्ञाची छऱ्याची बंदूक

ओढ्याच्या वळणाशी पोचेपर्यंत गुरुनाथकाका नुसते उंदरांबद्दलच बोलत होते, आणि सुवर्णाला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. गेले कित्येक महिने काकांचा तोच विषय होता. टेक्सासमधल्या फ्रिस्कोच्या उत्तरेला, शहराची हद्द संपते तिथं त्यांची तीन एकर जागा आहे. शेजारच्या शेतात नवी वसाहत उठायला लागली, बुलडोझर फिरले, आणि शेतातले उंदीर जीव घेऊन काकांच्या आवारात शिरले. एवढं तिला ठाऊक होतं. दर शनिवारी सकाळी ती वसुधाकाकूंना पोथी वाचून दाखवायला यायची. वाचन झालं, प्रसादाची साखर तोंडात पडली, की काका म्हणायचे, "चल, पाय मोकळे करून येऊ." मग कुंपणाच्या कडेनं ओढ्यापर्यंत, ओढ्याकाठानं जुन्या पुलापर्यंत आणि तसंच परत. चांगली लांब फेरी होती. काका सत्तरीच्या पुढचे, पण त्यांच्या मागं सुवर्णालाच पळावं लागायचं.

आज मात्र ते मधेमधे थांबत होते.

"काका, दम लागला का?"

"दम तुला लागलाय. मी तुझ्यासाठी थांबतोय."

"बरं बाई, मीच म्हातारी."

ते हसले नाहीत. घरातून निघाल्यापासून त्यांचा उजवा हात खिशात होता, तो त्यांनी बाहेर काढला नव्हता. पाण्यात एक फांदी अडकली होती, तिच्याकडे बघत ते म्हणाले, "सुवर्णा, वसूचा पाय हीटिंग पॅडनं भाजला नव्हता."

गुरुनाथकाकांना ओळखणाऱ्याला हे ऐकून धक्काच बसला असता. कारण हा माणूस खोटं बोलतो असं कुणी कधी ऐकलं नव्हतं. मिरजेला शिकलेले डॉक्टर. तरुणपणी डॅलसला आले आणि एकाच हॉस्पिटलमध्ये भूल देण्यात त्यांची उमर गेली. महाराष्ट्र मंडळात हार्टवाले, हाडंवाले डॉक्टर होते, त्यांच्याभोवती गणपतीत घोळका जमायचा. कुणी रिपोर्ट दाखवायचं, कुणी गोळी विचारायचं. काकांना कुणी काही विचारायचं नाही. भूल देणाऱ्याला विचारणार तरी काय? ते कोपऱ्यात बसून नारळ सोलायचे. एकदा सुवर्णानं गमतीनं म्हटलं होतं, "काका, तुमचे पेशंट कुणी भेटतात का हो?" तर म्हणाले, "भेटतात, पण ओळखत नाहीत. मी दिसतो तोवर ते झोपलेले असतात. एखाद्यानं ओळखलं तर समजायचं, आपलं काहीतरी चुकलं."

दुखू नये, एवढंच त्यांनी जन्मभर पाहिलं. घरात कोळी निघाला तरी वाटीखाली धरून बाहेर सोडायचे.

आणि वसुधाकाकू. त्यांना साखरेचा आजार जुना. हळूहळू पावलांतली जाणीव गेली. गरम फरशी, काटा, खडा, काही कळेना. गेल्या वसंतात एका सकाळी पायमोजा जखमेला चिकटलेला निघाला, करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काळं पडलं, आणि शेवटी दोन्ही बोटं काढावी लागली. रात्री पायाला शेक घेता घेता झोप लागली आणि पॅडनं भाजलं, असं काकांनी सगळ्यांना सांगितलं. काकूंनाही तेच सांगितलं होतं. तेव्हापासून काकू चाकाच्या खुर्चीत. दुसऱ्या पावलालाही जाणीव नाही. त्याला जखम झाली तर ते वाचवणं कठीण आहे, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"मग कशानं?" सुवर्णानं विचारलं. तिला उत्तर कळलं होतं, तरी विचारलं.

"भाजलेल्याची कडा वेगळी असते," काका म्हणाले. "ही कुरतडलेली होती. रात्रभर उंदीर तिचं बोट खात होता, आणि ती शेजारी शांत झोपली होती. मी पण झोपलो होतो. तिला कळलं नाही ते एका अर्थी बरं, म्हणजे दुखलं तरी नाही. असं मी मनाला सांगतो."

सुवर्णा जागच्या जागी थांबली. तिनं मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं.

ते पुन्हा चालू लागले. वाट अरुंद होती, म्हणून ती मागं आणि काका पुढं. त्यांची पाठ तिला दिसत होती, आणि ते पाठमोरेच बोलत राहिले.

त्या पायाचं ड्रेसिंग चालू असतानाच त्यांनी पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावलं होतं. तो आवारभर फिरला, पेकनच्या झाडाखाली येऊन थांबला आणि म्हणाला, आधी हे दाणे टाकणं बंद करा. हे बंद नाही केलं तर माझ्या औषधाचा काही उपयोग नाही.

"मग?"

"मग काय. त्याला चहा पाजला आणि परत पाठवला."

का पाठवला ते सुवर्णाला सांगावं लागलं नाही. पेकनच्या झाडाखाली एक काळी फरशी आहे. रोज दुपारी, स्वतः ताटावर बसायच्या आधी, काकू त्या फरशीवर भाताचा घास ठेवतात. वर तूप, कडेला जे केलं असेल ते. भोवतीच्या गवतात चिमण्यांसाठी मूठभर बाजरी. वीसेक वर्षांपूर्वी त्यांचा एकुलता एक मुलगा ऋषी कॉलेजातून सुट्टीला घरी येताना हायवेवर अपघातात गेला. तेराव्याला त्यांनी इथंच घास ठेवला आणि त्यानंतर एक दिवस खंड पडू दिला नाही. इकडे कावळा क्वचित दिसतो. काळे, लांब शेपटीचे ग्रॅकल येतात, कावळ्याच्या चुलतभावासारखे. काकू त्यांनाच कावळा मानतात. घासाला पक्षी शिवेपर्यंत त्या खिडकीशी बसून राहायच्या, मगच त्यांचा घास घशाखाली उतरायचा. इतकी वर्षं त्यानं कुणाचं काही बिघडलं नाही. शेजारी शेत होतं, उंदरांना तिकडे खायला होतं. शेत गेलं आणि उंदीर घासावर आले.

"संध्याकाळी भात मी उचलतो, तरी फरशीला तूप राहतं," काका म्हणाले. "गवतात सांडलेली बाजरी कशी उचलणार? टांगायचा डबा आणला, तर म्हणाली, घास काय टांगून ठेवतात का, तो काय पोपट आहे? सापळे लावले. दोन-चार सापडले, बाकीचे शहाणे झाले. विष घालावं, तर ते खाल्लेला उंदीर घुबड खातं, मग घुबडही मरतं. आणि विषानं मरायला उंदराला दिवस लागतात. आतून रक्त सुटतं. चिकट पुठ्ठा एकदाच लावला. अडकलेला उंदीर सकाळपर्यंत ओरडत होता."

म्हणून बंदूक. हवेवर चालणारी, छऱ्याची.

सुवर्णाला अशी बंदूक ठाऊक होती ती जत्रेतली, फुगे फोडायची. वाकडी नळी, आणि कितीही नेम धरा, फुगा काही फुटायचा नाही. काकांनी पहिली बंदूक तिला न सांगता, एकट्यानं जाऊन आणली. स्प्रिंगची, नळी खाली वाकवून आत दाब भरायची. साडेचार मिलिमीटरचा छर्रा. दुकानात होत्या त्यातली सगळ्यात कमी जोराची त्यांनी उचलली, कारण खोक्यावर लिहिलं होतं, आवाज कमी. काकूंना ऐकू जाऊ नये, एवढाच त्यांचा विचार होता. आयुष्यभर औषधाची मात्रा माणसाच्या वजनावर ठरवणाऱ्या डॉक्टरनं बंदूक ठरवली ती बायकोच्या कानांवरून.

"तिथंच मी चुकलो," ते म्हणाले. "पहिलाच उंदीर. लागला, पण मेला नाही. ओरडत कुंपणात शिरला. आणि आतून वसू म्हणते, अहो, पाखरू ओरडतंय का कुठलं? मी म्हटलं, घुबडानं काहीतरी धरलं असेल. ती म्हणाली, मग जाऊन सोडवा की त्याला."

"गेलात?"

"गेलो ना. कुंपणात बराच वेळ बॅटरी मारत फिरलो. नाही सापडला."

दुसऱ्या बंदुकीच्या वेळी सुवर्णाच त्यांना गाडीतून घेऊन गेली होती. काका हायवेवर गाडी चालवेनासे झाले होते. डोळ्यांमुळे असेल, असं तिला वाटलं. संग्राम, तिचा नवरा, घरी तिला चिडवत होता, "म्हणजे आता तुम्ही दोघं पोथी वाचून झाली की शिकारीला जाणार?" शेडमध्ये फार उंदीर झालेत, एवढंच तिला माहीत होतं, आणि पोथी वाचणारीनं बंदुकीच्या दुकानात पाऊल टाकावं का, याचाच तिला जास्त घोर लागला होता.

काउंटरवरच्या दाढीवाल्यानं विचारलं, काय मारायचंय आणि किती लांबून? काका म्हणाले, उंदीर, पंधरा पावलांवरून. दाढीवाल्यानं एक झगझगीत खोकं पुढं केलं, त्यावर वेगाचा मोठा आकडा होता. काकांनी चष्मा पुसला आणि विचारलं, हा वेग किती वजनाच्या छऱ्यानं मोजलाय? दाढीवाला हसला. म्हणाला, सगळ्यात हलक्या. मग त्यानं ते खोकं गुपचूप खाली ठेवलं आणि दोघांची चांगली तासभर बोलणी झाली. सुवर्णा मासेमारीच्या गळांकडे बघत उभी राहिली.

परत येताना गाडीत काकांनी तिला समजावलं होतं, तिनं न विचारता.

"हलका छर्रा वेगानं जातो, आरपार जातो. उंदीर पळतो आणि कुठंतरी जाऊन मरतो. जड छर्रा सावकाश जातो, पण लागतो तिथंच सगळं थांबवतो. म्हणून साडेपाच मिलिमीटरचा. आणि स्प्रिंगला धक्का फार. दट्ट्या सुटला की बंदूक हातात उसळते आणि नेम चळतो. हिच्यात हवा आधीच पंपानं भरून ठेवायची. हिला धक्का नाही. पुढं हे नळकांडं लावलं की आवाज किती, तर पुस्तक मिटल्यासारखा."

"काका, तुम्ही याची परीक्षा देणार आहात का?"

"उंदीर देणार आहे. त्याला नापास होऊन चालणार नाही, एकदाच बसायचंय."

तेव्हा ती हसली होती.

पंपानं हवा भरणं हे कष्टाचं काम. काकूंना सांगितलं, खांद्याचा व्यायाम आहे. मग कागदी बशीवर शेंगदाण्याएवढा ठिपका काढायचा आणि त्यावर नेम धरायचा. उंदराचा कान आणि डोळा यांच्या मधे तेवढीच जागा असते. सगळे छरे ठिपक्यात बसायला लागले तेव्हाच त्यांनी बंदूक उंदरावर धरली. नेम नक्की नसेल तर चाप ओढायचा नाही, हा त्यांचा नियम. त्यानंतर एकही उंदीर ओरडला नाही. सबंध उन्हाळाभर. काकू म्हणायच्या, हल्ली छतात खुडबुड ऐकू येत नाही हो, देवाची कृपा.

पूल आला. काका कठड्याला टेकले. सुवर्णानं पाण्याची बाटली पुढं केली, ती त्यांनी डाव्या हातानं घेतली.

"काका, मारता कुठं तुम्ही त्यांना? शेडमध्ये?"

त्यांनी एक घोट घेतला. झाकण लावायला वेळ लागला.

"शेडच्या दारात स्टुलावर मी बसतो. ते येतात ते एकाच जागी येतात. खाताना मान खाली असते, हलत नाहीत. तेवढीच खात्रीची जागा. मागं वाळूची पेटी ठेवलीय, छर्रा पुढं जाऊ नये म्हणून."

"एकाच जागी म्हणजे?"

"फरशीवर."

गेल्याच शनिवारी काकूंची खुर्ची गवतात रुतली होती. तेव्हा काकूंनी वाटी सुवर्णाच्या हातात दिली होती, आज तू ठेव गं. तिनं चप्पल काढून, वाकून, स्वतःच्या हातानं त्या फरशीवर घास ठेवला होता आणि हात जोडले होते. आता ती उजव्या हाताचा तळवा ओढणीला पुसत होती, हे तिच्या ध्यानातही आलं नाही. काकांच्या आलं.

"रोज पहाटे धुतो मी," ते म्हणाले. "गरम पाणी आणि ब्लीच. घासून. ती उठायच्या आत."

"ब्लीचनं?"

"मग काय, गोमूत्र मिळतं इथं?"

"मिळतं की, इंडियन स्टोअरमध्ये," ती सवयीनं म्हणून गेली.

पलीकडे बुलडोझर मागं येताना वाजतात तसा पीं-पीं आवाज चालला होता. शनिवारीही काम चालू होतं. काका तिकडे बघत राहिले, आणि मग त्यांनी मंगळवारचं सांगितलं.

मंगळवारी तिन्हीसांजेला ते नेहमीसारखे बसले होते. उंदीर आला, मोठा. त्यांनी नेम धरला. नेम हलत होता. थांबले. श्वास सोडला, पुन्हा धरला, पुन्हा हलला. नियमानं बंदूक खाली ठेवायला हवी होती. पण आदल्या दोन्ही संध्याकाळी ती अशीच खाली ठेवली होती, आणि सोमवारी रात्री छतात पुन्हा खुडबुड झाली होती. म्हणून त्यांनी चाप ओढला. छर्रा कमरेत लागला. मागचे पाय गेले, पुढच्या दोन पायांवर फरफटत तो घराकडे पळाला. काकूंच्या खुर्चीसाठी मागच्या दाराला उतार केलेला आहे, आणि दार किलकिलं होतं.

"सगळं घर शोधलं. रक्ताचा माग होता म्हणून कळलं. तिच्या पलंगाखाली. ती वर बसली होती, पाय खाली सोडून. दुसरा पाय, चांगला. मी गुडघ्यावर बसलो तर म्हणते, काय शोधताय? म्हटलं, चष्मा. म्हणाली, डोळ्यांवर आहे की तुमच्या, असं काय करता? आणि हसली. बऱ्याच दिवसांनी अशी हसली. उंदीर तिथं भिंतीला चिकटून होता. जिवंत. माझ्याकडेच बघत होता. मी टॉवेल टाकून त्याला धरला, बाथरूममध्ये नेलं. नळ सोडला. पुढचं नको सांगायला."

सुवर्णानं नको म्हणून मान हलवली.

मग काकांनी खिशातला हात बाहेर काढला आणि कठड्यावर ठेवला. भाताला उकळी आल्यावर पातेल्यावरचं झाकण थडथडतं, तसा तो हात थडथडत होता. त्यांनी डाव्या हातानं तो दाबून धरला, तरी थांबेना.

"डॉक्टर काय म्हणाले?"

"त्यांनी काय सांगायचं. मलाच माहितीये. अजून वाढेल."

"मग संग्रामला सांगू का मी? तो येईल संध्याकाळी. शिकवा त्याला."

"संग्राम झुरळ बघून खुर्चीवर चढतो, तूच सांगितलंस."

"शिकेल हो."

"शिकेल. आज एक मारेल, उद्या दोन येतील. तिकडे अजून निम्मं शेत खणायचंय." ते हळू बोलत होते. "बंदूक कुठली घ्यायची यात मी वर्ष घालवलं, सुवर्णा. छर्रा किती जड, हवा किती भरायची. खरं औषध तो पेस्ट कंट्रोलवाला पहिल्याच दिवशी सांगून गेला होता. दाणे बंद करा. मला ते तिला सांगवेना, म्हणून हे सगळं. आता दुसरा पाय आहे तिचा, आणि माझा हात असा आहे. घास बंद व्हायला हवा."

"तुम्ही सांगा ना काकूंना. तुमचं ऐकतील त्या."

"कारण विचारेल ती. उंदीर म्हटलं की पाय तिच्या लक्षात येईल. वसू मूर्ख नाही. ऋषीला घातलेल्या घासावर आलेल्या उंदरानं आपला पाय खाल्ला, हे तिला कळलं तर… आणि खाल्ला याचं दुःख नाही गं तिला वाटणार. तिला वाटेल, त्याच्यापर्यंत गेलंच नाही. इतकी वर्षं उंदरांनीच खाल्लं."

मंडळातल्या बायका सुवर्णाला तिथी विचारायच्या, सुतकात काय चालतं काय नाही ते विचारायच्या, आणि ती वडलांकडून ऐकलेलं प्रामाणिकपणे सांगायची. न माहीत असलेलं तिनं कधी सांगितलं नव्हतं. "रोज नाही घातला तरी चालतो, काका," ती शेवटी म्हणाली. "पितृपक्षात, तिथीला घातला तरी पुरतो. तसं मी सांगेन त्यांना. ते खरंच आहे, त्यात काही खोटं नाही."

"ते तिला तुझ्याआधीपासून माहितीये. ती काही शास्त्रासाठी नाही घालत."

"मग मी काय सांगू?"

बुलडोझरचा आवाज थांबला होता. तिकडची माणसं जेवायला बसली असावीत. घरी काकू खिडकीशी खुर्ची लावून, मांडीवर वाटी धरून वाट बघत असणार, हे दोघांनाही ठाऊक होतं. काकांनी हात पुन्हा खिशात घातला.

"तिला सांग, की पोचलं," ते म्हणाले. "त्याला पोचलं, त्याचं पोट भरलं, आता ठेवू नका. मी सांगितलं तर ती माझ्या तोंडाकडे बघेल. तू पुढच्या वेळी पोथी मिटताना सांग, तुझं ती खरं मानेल. आणि उंदराचं नाव काढू नकोस. एवढं कर माझ्यासाठी."